वरचा एक

टेम नदीच्या पुलाखाली एक करडी पेटी आहे.
दर मिनिटाला ती खाली आवाज सोडते,
परत आलेला ऐकते, ठरवते पाणी कुठवर आलंय.
गेल्या महिन्यात तिच्याखालून एक राजहंस गेला, सावकाश,
आणि टेनबरीत पहाटे चारला भोंगा झाला.
लोक गालिचे माडीवर नेऊन बसले.
पाणी होतं तिथंच होतं.

दुरुस्ती सोपी: शेवटची पाच मापं घ्यायची,
मधलं तेवढं खरं मानायचं.
सी मध्ये बावीस ओळी.
पण पेटीतल्या प्रोग्रामचं मूळ लिखाण कुणाकडेच नाही.
लिहिणारा एमरिस प्रॉसर आता लडलोला असतो.
फोनवर म्हणाला, "डिस्क गॅरेजमध्ये होती.
गॅरेजमध्ये पाणी आलं."

उरलेत नुसते बाइट, आणि शेपटाशी थोडी कोरी जागा.

मिरजेच्या नर्सरीत आत्या गुलाबाचे डोळे भरायची.
रानगुलाबाच्या खोडाला चीर, आत परक्या झाडाचा एकच डोळा,
वर पट्टी, गच्च.
"ह्याला स्वतःचं मूळ नको," म्हणायची, "मूळ खालचं."

टूल माझं फंक्शन असंच सोलून घेतं.
टिपणं आधी जातात, मग नावं,
माझं 'मधलं_माप' सुद्धा.
लायब्ररीला हाक मारायची नाही, ती तिथं नसणार.
अवतरणातले शब्द दुसऱ्या खोलीत राहतात
आणि ती खोली सोबत येत नाही,
म्हणून दोन अक्षरांची एक खूण
मी एकेक अक्षर करून स्टॅकवर ठेवली,
ओंजळीतून मीठ न्यावं तशी.
अमुक गल्ली, तमुक घर असला पत्ता चालत नाही.
'उभा आहेस तिथून बारा पावलं पुढं',
एवढंच.

शेवटी पडले शहाण्णव बाइट,
प्रत्येक जोडीत धाकटा आधी, थोरला मागून.
अखेरचे दोन: ७०, ४७.
म्हणजे, आलास तिथं परत जा.

कोऱ्या जागेत बसवले. जुन्या तक्त्यात पत्ता बदलला.
पेटी मेली.

दोन दिवस मेलेलीच.
हेझल टिपटन चहा ठेवून जायची, विचारायची नाही.
मी बाइट बोटानं मोजले, परत मोजले,
रात्री स्वप्नात सुद्धा शहाण्णवच.
तिसऱ्या दिवशी चिपच्या पुस्तकात, तळटिपेत:
पत्त्यावर एक जास्त द्यावा.
पुढची आज्ञा कुठल्या बोलीत आहे,
हे तिला त्या एकावरून कळतं.

हेझलच्या लेकीच्या लग्नात मी एक्कावन्न पौंड दिले होते.
नंतर ती हळूच नाणं परत करायला आली,
वाटलं, माझी मोजण्यात चूक झाली.
तेव्हा नीट सांगता आलं नाही.
घरी पाकिटावर रुपया चिकटवलेलाच मिळायचा,
शून्यावर संपलेलं कुणी देत नसे,
का, ते कुणी सांगत नसे.
आता तिला पडद्यावर बोट ठेवून दाखवलं:
हे बघ, वरचा एक.
"अगं बाई," असं काहीतरी ती तिच्या भाषेत म्हणाली.

पेटी बोलायला लागली.

संध्याकाळी दोघी पुलावर. कठड्यावर लॅपटॉप,
हेझलच्या हातात सॅंडविचच्या कडा.
एक कडा टाकली. बदक आलं, ते नको होतं.
दुसरी टाकली, आणि हंस आला,
बरोब्बर पेटीखाली, मान वर करून.
पहिलं माप चुकलं. भोंगा गप्प.
दुसरं चुकलं. गप्प.
हंस हलेना.
पाचातली तीन चुकली तर मधलं कुठलं,
हे मला त्या क्षणी कळलं,
घड्याळात अकरा सेकंद उरले होते.

"हेझल," म्हटलं, "तो पाव लांब टाक. लांब!"